शिंदीच्या नाल्यावरचं जांभूळ

१ जून १९७८

प्रिय अक्का,

पाकीट जाड लागलं म्हून घाबरू नको. घरी समदे खुशाल आहेत. माय खुशाल, बा खुशाल, बकरीले दोन पाठी झाल्या आन् म्या नोकरीचा अर्ज अजून केला नाही, म्हंजे समदं जिथल्या तिथं आहे. भाऊजीले जयभीम सांगजो, पोट्ट्याईचे गालगुच्चे घेजो. कॉलेजात मी शुद्ध लिहाले शिकलो, पन तुले शुद्धात लिहिलं तं तू म्हनशीन पोस्टमन कोन्या वकिलाचं पत्र टाकून गेला. म्हून बोलतो तसंच लिहून राह्यलो. हे चौथं पत्र आहे. पहिल्यात नालाच बोलत होता, ‘मी शिंदीचा नाला’ असं. मायले वाचून दाखवलं तं ते म्हने, नाल्याले तोंड फुटलं का तुले येड लागलं? बहिनीले बलवाचं आहे ना, मंग सरळ बलाव. दुसरं म्या शेवटाकून सुरू केलं. तिसऱ्यात एक बी पूर्णविराम टाकला नाही. ते वाचता वाचता माहाच दम लागला. तिन्ही चुलीत गेले.

तं सरळ लिहितो. अक्का, घरी ये. पाच वर्षं झाली. दुष्काळाच्या साली, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, तू नाल्याच्या थडीवर उभी राह्यली, तू लहानपनी लावलेल्या जांभळाचा तोडलेला खुंट पाह्यला आन् बाले म्हनली, हे झाड पुन्हा उभं राहीन तवाच मी या घरात पाय ठेवीन. बानं खाली मान घातली. तू पान्याचा घोट न घेता आल्या पावली फाट्यावर गेली. तवापासून बा दर साली तुले आनाले निघते. धोतर बदलते, टोपी घालते, फाट्यावर जाते, आन् वाशीमची गाडी गेली का परत येते. मायले सांगते, गाडीत जागा नव्हती. मी दोनदा तुह्याकडं मालेगावले आलो. तू पोटभर खाऊ घातलं, पन बाचं नाव काढलं का तू खरकटं पानी टाकाले बाहेर. दोन्ही बारीले माहा शब्द ओठातच राह्यला.

आता बातमी ऐक. झिऱ्यात पानी आहे! मिरगाले आठ दिवस बाकी, आन् आपल्या वस्तीच्या झिऱ्यात गुडघाभर नितळ पानी आहे. तोच झिरा, जांभळाच्या मुळाखाली वाळूत हातानं उकरलेला, ज्यातून तू आन् माय पहाटं वाटीवाटीनं पान्याचं गुंड भरत होत्या. यंदा बुद्धपौर्णिमेची खीर त्याच्याच पान्यानं शिजवली. गोजरामायनं पहिलं गुंड भरलं, डोक्यावर घेतलं आन् वस्तीपर्यंत नाचत आली. सत्तरीची बाई, हात कंबरेवर, एक थेंब सांडला नाही. तू असती तं तू बी नाचली असती, आन् तुह्या हातून सांडलं असतं, कारन तू नाचतानी हासते.

हे असं एका दिवसात झालं नाही. दुष्काळात थडीवरचं समदंच चुलीत गेलं होतं. नाव शिंदीचा नाला, पन शिंदीचं एक झाड राह्यलं नव्हतं. करंज गेले, निरगुडीचे मुळं बी लोकाईनं खनून नेले. शेवटी एकटं तुहं जांभूळ होतं, ते बी गेलं. मंग त्र्याहत्तरच्याच पावसाळ्यात पूर आला, आन् थडीले धरून ठेवाले कोनीच नव्हतं. अर्धी थडी ओल्या गुळासारखी ढासळली. झिरा काळ्या मातीखाली बुजला. पुढच्या उन्हाळ्यापासून वस्तीतल्या बाया पान्यासाठी पल्याडच्या वावरवाल्या उदयसिंगच्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिथं कसं असते ते तुले सांगाले नको. कोनी वरून ओतून दिलं तं गुंड भरते, नाही तं उभं राह्याचं. माय उभी राहे. मी बी.ए. झालेलो, घरी बसून कविता लिहत होतो, आन् माय तिकडं उन्हात उभी राहे.

तवा म्या ठरवलं का थडी बांधाची, झाडाईनं. कॉलेजजवळच्या एका तलावावर म्या एक झाड पाह्यलं होतं. जांभळे जांभळे फुलं, फांदी मोडून खुपसली का जगते, गाईढोरं तोंड लावत नाहीत. म्या म्हनलं, वा! राखन कराची गरज नाही. पोतंभर फांद्या एस.टी.च्या टपावर टाकून आनल्या. कंडक्टर म्हने, भौ, बेशरमाच्या फांद्या कोनी तिकीट काढून नेते का? म्या मनात म्हनलं, याले काय समजते. एका पावसाळ्यात थडी हिरवीगार झाली. मी छाती काढून फिरू लागलो. गोजरामाय आली, तिनं पान तोडलं, चुरलं, हुंगलं, मंग आपल्या बकरीच्या तोंडाजवळ नेलं. बकरीनं तोंड फिरवलं. गोजरामाय म्हने, पोट्ट्या, ज्या झाडाले बकरी इचारत नाई, ज्याच्यावर पाखरू घर बांधत नाई, ते झाड नाई बापा, सोंग हाय.

दुसऱ्या वर्षी ते सोंग थडी सोडून नाल्यात उतरलं. गाळ धरला, पानी तुंबलं, डास झाले, आन् झिऱ्याची जागा तं दिसेनाशीच झाली. वस्तीतले पोट्टे मलेच बेशरमवाला म्हनू लागले. पंच्याहत्तरचा आख्खा उन्हाळा मी ते उपटत होतो. उपटून थडीवर टाकलं का तिथंच मूळ धरे. तोडलं तं एकाचे दोन होत. शेवटी सब्बल घेऊन मुळासकट खनलं, मुरमावर वाळवलं आन् जाळलं. माय टोपलं घेऊन मदतीले आली. म्हने, तुह्या कवितेसारखंच हाय हे, कोनी बलावलं नाई तरी उगवते.

मंग मी गोजरामायच्या पायाशी बसलो. गावातल्या निम्म्या लोकाईले जिनं पहिल्यांदा हातात घेतलं, त्या सुईनीले नाल्याच्या काठी काय लागते हे इचारावं, हे बी.ए.च्या पुस्तकात कुठंच नव्हतं. ते म्हने, बाळंतिनीले निरगुडीच्या पान्यानं आंघोळ घालाले मी पन्नास साल या थडीवर येऊन राह्यली, मले नाई तं कोनाले माहीत? मंग तिनं काडीनं मातीत समदं काढून दाखवलं. पान्यात पाय टाकून बसते तो वाळा आन् लव्हा. त्याच्या मांग निरगुडी, पुरात वाकते पन मोडत नाही. त्याच्या मांग करंज आन् जांभूळ, मूळ खोल घालून थडीले मिठी मारनारे. आन् वर, जिथून समदे दिसतीन, शिंदी. म्हने, सोयऱ्याईच्या लग्नात कोन कुठं बसते हे जसं ठरेल असते, तसं हे हाय. तू उगाच नवरदेवाच्या जागी बँडवाला बसवला.

वाळ्याचे ठोंब मी पायी जाऊन पैनगंगेच्या काठावरून आनले. निरगुडीच्या फांद्या गोजरामायच्या माहेरून आल्या. करंजाच्या बिया रिठदच्या बाजारातून. आता बिया रुजवाच्या कशात? माहं ते अनियतकालिक तुले आठवते? ‘खरूज’, पहिला आन् शेवटचा अंक. दोनशे प्रती छापल्या, सोळा विकल्या गेल्या, त्यातल्या नऊ भाऊजीनं घेतल्या. उरलेला गठ्ठा घरी खाटेखाली पडून होता, माय त्याच्यावर कांदे ठेवे. त्याचे म्या पानं फाडले, पुडीसारखे उलटे कोन वळले, माती आन् शेनखत भरलं, एकेकात एकेक करंजाची बी टाकली. वस्तीतल्या बाया ओट्यावर बसून वळू लागल्या. गोजरामायनं एक कोन डोळ्याजवळ धरला, म्हने, याच्यावर काय लिहिलं हाय, वाचून दाखव. म्या माही कविता वाचली, पुऱ्या दोन पानाची. बाया माती भरत राह्यल्या. मंग ते म्हने, समजलं नाई बापा, पन याच्यात बी उगवंन ना? उगवली, अक्का. शंभरातून सत्तर उगवल्या. मूळ कागद फाडून बाहेर येते आन् कागदाची माती होते, सोडवावं बी लागत नाही. माह्या कवितेतून आरपार काही गेलं असंन तं ते करंजाचं मूळ.

एक अडचन राह्यली होती. पल्याडची थडी उदयसिंगची. त्याचा नांगर पार काठापर्यंत चाले. दर पावसात त्याचीच माती नाल्यात पडे आन् आपला झिरा बुजवे. मी अर्ज लिहून नेला, त्यानं चष्मा नाही म्हून परत केला. मी वाचून दाखवतो म्हनलं तं म्हने, ऐकाले बी येत नाई. तेवढ्यात त्याचे गुडघे धरले. त्याची बायको, प्रयागबाई, निरगुडीचा पाला मांगाले गोजरामायकडं आली. गावात निरगुडी होतीच कुठं? म्या लावलेल्या थोड्याशा, त्या बी कोवळ्या. गोजरामाय स्वतः टोपलंभर पाला घेऊन उदयसिंगच्या वावरात गेली, मी तिच्या मांग. म्हने, मालक, पाला देतो, पैसा नको. काठापासून दहा पावलं वावर माघारी घ्या. तिथं निरगुडीच लावू. गुडघे तुमचे, पाला बी तुमचाच.

उदयसिंगनं विचार केला. कोनाचे पावलं, त्यानं इचारलं, माहे का तुहे? गोजरामाय कंबरेत वाकेल, काठी टेकत टेकत उभी. म्हने, माहे. तो हासला, गडीमानसाईकडं पाह्यलं, म्हने, बरं, मोज. तवा आपल्या गोजरामायनं काठी माह्या हातात देली, लुगड्याचा काष्टा वर खोचला, कंबर सरळ केली, आन् अक्का, बापा रे बापा! टिटवीसारखी उडी घेतली. एक पाऊल म्हंजे पऱ्हाटीच्या दोन ओळी! दहा पावलात ते पार आंब्याच्या बांधाजवळ जाऊन उभी. गडी हासून हासून खाली बसले. उदयसिंग ओरडला, अवं, हे पाऊल हाय का काय हाय? ते म्हने, पन्नास साल बाळंतिनीच्या दारी अशीच धावली मी, मालक. तुमच्या टायमाले बी असंच पाऊल टाकत आली होती, तुमची माय असती तं तिनं सांगितलं असतं. मंग तो बी हासला. शब्द मात्र पाळला, खुंटी ठोकली तिथंच ठोकली.

तीन पावसाळे गेले. आता ये आन् पाह्य. करंज माह्या डोक्याच्या वर गेले, वाळ्यात पाय ठेवाले जागा नाही, शिंदी अजून बसकीच आहे, मांडीपर्यंत, पन काटे मोठ्या मानसासारखे दाखवते. थडी तसूभर ढळली नाही. सकाळी खंड्या येऊन बसते, निळाशार. करंजाच्या एका फांदीले, ठीक झिऱ्याच्या वर, सुगरनीच्या नरानं अर्धं घरटं लोंबवलं आहे. अर्धं याच्यासाठी का त्याची मादी येऊन पाहून गेली आन् तिले पसंत पडलं नाही. बिचारा पुन्हा विनून राह्यला. माही त्याची बरी दोस्ती जमली आहे.

आन् या वैशाखातली गोष्ट. उदयसिंगच्या विहिरीचं पानी तळाले गेलं, गढूळ आलं. दुपारी तो हातात लोटा घेऊन नाल्यात उतरला, झिऱ्याच्या पल्याड दगडावर बसला. अल्याड वस्तीच्या बाया गुंड भरत होत्या, माय बी होती. समद्या थांबल्या. गोजरामायनं वाटी भरली, उभी राह्यली आन् म्हने, मालक, वरून ओतू का हातात देऊ? अक्का, पानी वाहाचा आवाज मले तवा पहिल्यांदा ऐकू आला. उदयसिंगनं लोटा खाली ठेवला, उठला, वाळूत चार पावलं अल्याड आला आन् दोन्ही हात पुढं केले. म्हने, हातात दे, बाई. तिनं वाटी हातात देली. तो तिच्याच वाटीनं प्याला आन् वाटी धुवून परत देली. म्हने, गोड हाय. ते म्हने, असंनच, तुमच्याच वावराखालून येते. मायनं ते घरी येऊन बाले सांगितलं. आठ दिवस सांगून राह्यली होती. रोज थोडं नवीन घाले.

आता जे मुख्य आहे ते. बेशरम उपटता उपटता मी तुह्या जांभळाच्या खुंटापर्यंत आलो होतो, पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात. पुरात अर्धी थडी गेली, पन तो खुंट हालला नव्हता. त्याच्याभोवती बोराटीच्या काट्याचा मोठा ढीग दिसला. म्या म्हनलं, हा कोनी टाकला? काटे बाजूले केले तं आत कंबरेइतके धुमारे! हिरवे, चकचकीत. बा दोन वर्षांपासून रोज संध्याकाळी हातपाय धुवाले म्हून लोटा घेऊन नाल्यावर जाय, आन् तो लोटा त्या खुंटावर ओते. दुष्काळात बी, जवा प्यायाले नव्हतं, तवा बी तोंड धुतलेलं पानी. बकऱ्या खातीन म्हून काटे. त्यानं मले पाह्यलं, म्हने, तुह्या अक्काले सांगू नको. जगलं तं सांगू. दुसऱ्यांदा मेलं तं तिले सोसनार नाई. म्हून आजवर तुले कळवलं नाही. यंदा माघ-फागनात त्याले मोहोर आला. आता हिरवे घोस लागले आहेत, बाच्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर. बा दिवसभर खाली बसून पोपट हाकलते. मले एक फळ तोडू देत नाही. म्हने, पहिला घोस तिचा. पाकिटात एक पान टाकलं आहे. चुरून हुंग. तुहंच झाड आहे.

तुही अट पुरी झाली, अक्का, पन तेवढ्यासाठी हे पत्र लिहून नाही राह्यलो. झाड उभं राह्यलं एवढंच सांगाचं असतं तं बा या वेळी गाडीत चढला असता. मले दुसरंच सांगाचं आहे. ते जांभूळ बानं नाही तोडलं. म्या तोडलं. बा आन् माय खडी फोडाले दुष्काळी कामावर गेले होते, मी सुट्टीत घरी होतो, आन् छापखान्यावाला म्हने पैसे आना तं अंक छापतो. विटाच्या भट्टीवाल्याची बैलगाडी म्याच बोलावली. ‘खरूज’ त्या जांभळाची आहे, तिच्या दोनशे प्रती म्हंजे तुहं झाड. बा घरी आला, त्यानं खुंट पाह्यला, माह्या हातावरचे फोड पाह्यले. दुसऱ्या दिवशी तू आली आन् म्या तोंड उघडाच्या आत तो म्हनला, म्या तोडलं, चुलीले लागलं. तू गेल्यावर म्या इचारलं, बा, काहून? तो म्हने, तुह्या शिक्षनासाठी तिनं सातवीतून शाळा सोडली. कायच्यासाठी तोडलं हे तिले समजलं तं तिचं मन मोडन. माह्यावर रागावली तं रागावू दे, मी बाप हाय, मले सोसते. पाच वर्षं त्यानं सोसलं आन् पाच वर्षं मी कवी राह्यलो. आता नाही. हे पत्र मी लिहिलं हे त्याले माहीत नाही, समजलं तं मले खडी फोडाले लावंन. आठ-पंधरा दिवसात जांभळं पिकतीन. वाशीमले गाडी बदल, रिसोडची धर, रिठदच्या फाट्यावर उतर. पोट्ट्याईले घेऊन ये, टोपलं घेऊन ये. फाट्यावर मी उभा राहीन, गाल पुढं करून. आंधी मले एक ठेवून दे, मंग पुढं हो. बा झाडाखाली बसला असंन, पोपट हाकलत. त्याच्या टोपीकडं पाहून हासू नको, पाच वर्षांपासून तेच टोपी तुह्यासाठी धुवून ठेवते.

तुहाच, ज्याले तू शिकवलं आन् ज्यानं तुहं झाड तोडलं तो लहाना भाऊ,
इंद्रभान